खोडदच्या दुर्बिणीच्या तबकड्या जाळीच्या का आहेत?

नारायणगावजवळ खोडदला असलेल्या रेडिओ दुर्बिणीच्या तबकड्यांतून पलीकडचे आकाश आरपार दिसते, मग आकाशातून येणाऱ्या लहरी त्यांतून निसटत कशा नाहीत आणि तेथे भरीव पत्रा का वापरला नाही, असे आपण विचारले आहे. खगोलशास्त्र हा माझा विषय नाही; राष्ट्रीय विज्ञान दिनी ही दुर्बीण लोकांना पाहता येते, तेव्हा तेथील संशोधकांशी आणि अभियंत्यांशी जे बोलणे झाले, त्याच्या आधारे लिहितो.

हाच प्रश्न मी तेथील एका संशोधक बाईंना विचारला, तेव्हा त्यांनी उलट मलाच विचारले, की मायक्रोवेव्ह ओव्हनच्या दारातून आतला पदार्थ दिसतो, पण तो तापवणाऱ्या लहरी बाहेर का येत नाहीत? त्या दाराच्या काचेला लागून बारीक छिद्रांचा धातूचा पत्रा असतो. ओव्हनमधील लहरींची तरंगलांबी सुमारे 12 सेंटिमीटर आणि छिद्रे मात्र जेमतेम एक-दोन मिलिमीटरची, त्यामुळे त्या लहरींना तो पत्रा अखंडच असतो. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही कमी असल्याने तो छिद्रांतून सहज पार होतो.

खोडदची दुर्बीण, म्हणजे जीएमआरटी (जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप), ज्या रेडिओ लहरी टिपते त्यांतील सर्वांत आखूड लहरी सुमारे 21 सेंटिमीटरच्या आहेत (हायड्रोजनच्या अणूंकडून येणाऱ्या प्रसिद्ध लहरी त्या याच), आणि लांब लहरी दोन मीटरच्याही पुढे जातात. जाळीची घरे मध्यभागी 10 मिलिमीटरची आणि कडेला 20 मिलिमीटरची आहेत, तर स्टेनलेस स्टीलची तार अर्ध्या मिलिमीटरहून किंचित जाड आहे. लहर येऊन पोहोचली की तारेतील इलेक्ट्रॉन तिच्या तालावर हलू लागतात आणि त्यांच्या हालचालीतूनच परावर्तित लहर निर्माण होते. तारांमधील अंतर तरंगलांबीच्या मानाने फारच थोडे असल्यामुळे लहरीचा जवळजवळ सगळा भाग मागे फिरून तबकडीसमोरील ग्राहकाकडे, म्हणजे लहरी टिपणाऱ्या उपकरणाकडे, एकवटतो. थोडी गळती होते, पण ती परवडण्यासारखी असते.

जाळी चालते ती अशी. पण ती का वापरली, याचे उत्तर मला अभियंत्यांकडून मिळाले आणि मला ते अधिक महत्त्वाचे वाटते. प्रत्येक तबकडीचा व्यास 45 मीटर, म्हणजे तोंडाचे क्षेत्रफळ दीड हजार चौरस मीटरहून अधिक. तेवढ्या भरीव पत्र्यावर येणारा वाऱ्याचा दाब सोसायचा, तर सांगाडा, पाया आणि फिरवणारी यंत्रणा सगळेच अनेक पटींनी अवजड करावे लागले असते. जाळीतून वारा निघून जातो. ही दुर्बीण उभारणारे शास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांच्या रचनेत तर 16 वक्र चौकटींमध्ये तारेचे दोर ताणून त्यांवर जाळी बसवलेली आहे, त्यामुळे वजन आणि खर्च दोन्ही इतके उतरले, की अशा 30 तबकड्या उभारता आल्या.

अर्थात ही सोय लांब लहरींपुरतीच आहे. चिलीमधील आल्मा दुर्बीण मिलिमीटरभर आणि त्याहूनही आखूड लहरी टिपते, म्हणून तिच्या तबकड्या भरीव असून त्यांच्या पृष्ठभागातील चूक 25 मायक्रोमीटरच्या आत ठेवावी लागते.

एकच प्रचंड तबकडी का नाही, हेही ओघाने आलेच. 45 मीटरच्या एका तबकडीला 21 सेंटिमीटरच्या लहरींत चंद्रबिंबापेक्षा थोड्याच लहान भागाचा मिळून एक ठिपका दिसतो, त्यातील बारकावे नाहीत. बारकावे हवे असतील तर व्यास किलोमीटरांत लागतो आणि तेवढी तबकडी फिरवणे अशक्य असते. म्हणून 14 तबकड्या मध्यभागी आणि 16 तबकड्या तीन शाखांवर अशा सुमारे 25 किलोमीटरपर्यंत पसरल्या आहेत. त्यांचे संकेत प्रकाशतंतूंतून एकत्र आणून प्रत्येक जोडीची तुलना करतात. अशा 435 जोड्या होतात. पृथ्वी फिरते तशी आकाशाकडून पाहता प्रत्येक जोडीची दिशा आणि लांबी बदलत जाते, त्यामुळे एकाच दीर्घिकेकडे काही तास रोखून राहिले की तेवढ्याच तबकड्यांतून कितीतरी अधिक जोड्यांएवढी माहिती मिळते आणि एक-दोन विकलांपर्यंतचे (विकला म्हणजे अंशाचा 3600 वा भाग) तपशील वेगळे करता येतात.