लेकीला शिडाच्या जहाजावर जायचंय, तर अकरावीला गणित सोडू नका

ताई, पत्र वाचलं. लेक दहावीत आहे, नौदलाच्या आयएनएस तरंगिणी या शिडाच्या जहाजाचा व्हिडिओ बघितल्यापासून रोज एकच धोशा की मला त्या जहाजावर जायचंय, मिस्टर रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात मासेमारीच्या ट्रॉलरवर तांडेल, म्हणजे बोटीचे कप्तान आहेत आणि म्हणतात आमचा जन्म दर्यात गेला, पोरीने तरी जमिनीवर राहावं. आणि तुम्ही न्यूयॉर्कच्या अपघाताची क्लिप बघून घाबरलायत. सगळ्याचं उत्तर देते, पण आधी एक गोष्ट स्पष्ट करू. शिडाच्या जहाजावर चढणं ही आपल्याकडे वेगळी नोकरी नाहीये, ते ट्रेनिंग आहे. करिअर नेव्हीचं, हे जहाज त्यातला सुरुवातीचा टप्पा.

तरंगिणी गोवा शिपयार्डने बांधली, १९९७ ला नौदलात आली, तिची जोडीदार सुदर्शिनी २०१२ ला. दोन्ही कोचीच्या फर्स्ट ट्रेनिंग स्क्वाड्रनमध्ये असतात. तीन डोलकाठ्या, वीसेक शिडं, आणि एका वेळी साधारण ३० शिकाऊ कॅडेट. २००३-०४ मध्ये याच तरंगिणीने पृथ्वीप्रदक्षिणा केली, भारतीय नौदलाच्या जहाजाने केलेली ती पहिलीच.

तुमचा प्रश्न अगदी रास्त आहे की इंजिनच्या जमान्यात शिडं कशाला. इंजिन या जहाजांनाही आहेच. पण ट्रेनिंगला शिडं वापरतात कारण इथे चूक लगेच दिसते. वारा दोन बोटं फिरला आणि सुकाणूवरच्या मुलाच्या लक्षात नाही आलं तर वर शीड फडफडायला लागतं आणि डेकवरच्या सगळ्यांना कळतं. एक शीड आवळायला दहा जणांनी एका तालात दोर ओढावा लागतो, एकट्याच्या ताकदीचं काही चालत नाही. डेकवर दोरांची रांगच्या रांग खुंट्यांना गुंडाळलेली असते आणि कोणता दोर कोणत्या शिडाचा हे पाठ करावं लागतं, कारण रात्री दोनच्या वॉचला, म्हणजे पाळीला, पावसात टॉर्च घेऊन शोधत बसायला वेळ नसतो. पुढे फ्रिगेटवर, म्हणजे युद्धनौकेवर ऑफिसर झाल्यावर समोर स्क्रीन असेल, पण स्क्रीनवरचा वारा आणि अंगावरचा वारा एकच आहे हे ज्याला कळलंय तो ऑफिसर वेगळा असतो, असं माझं ठाम मत आहे.

आता डोलकाठीवर चढण्याचं. पोरं दोरांच्या शिडीवरून चढतात ती वाऱ्याच्या बाजूने, म्हणजे वारा माणसाला दोरांवर दाबतो, बाहेर ढकलत नाही. वर आडव्या काठीखाली एक दोर लोंबता बांधलेला असतो, त्यावर पाय ठेवायचा, आणि ठेवण्याआधी ओरडून सांगायचं, कारण तो दोर हलला की त्यावर आधीच उभे असलेले सगळे हलतात. हार्नेसचा, म्हणजे अंगातल्या सुरक्षा पट्ट्याचा हूक अडकवायचा, पोट काठीवर टाकायचं आणि दोन्ही हातांनी कॅनव्हास मुठीमुठीने वर ओढून बांधायचं. भीती सगळ्यांना वाटते. पहिल्या दिवशी कोणी टोकापर्यंत पाठवत नाही, सराव बंदरात जहाज उभं असताना सुरू होतो.

धोका नाही असं मात्र मी म्हणणार नाही. १७ मे २०२५ ला मेक्सिकोच्या नौदलाचं शिडाचं ट्रेनिंग जहाज क्वाउतेमोक न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन ब्रिजला धडकलं, डोलकाठ्या मोडल्या, दोन जण गेले. तुम्ही बघितलेली क्लिप तीच. जहाज तेव्हा शिडांवर चाललं नव्हतं, बंदरातून बाहेर पडत होतं, आणि मुलं निरोपाच्या मानवंदनेला काठ्यांवर उभी होती. जर्मनीच्या गॉर्च फॉक या अशाच जहाजावर २०१० ला एक कॅडेट मुलगी वरून पडून गेली, त्यानंतर तिथलं ट्रेनिंग थांबवून सगळी पद्धत तपासली गेली. लेकीला हे लपवू नका, तिलाही सांगा.

आता जायचं कसं. मुख्य रस्ता एनडीए, म्हणजे पुण्याजवळ खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी. बारावीत असतानाच यूपीएससीची परीक्षा देता येते, वर्षातून दोनदा होते, वय साडेसोळा ते साडेएकोणीस. गणिताचा पेपर ३०० मार्कांचा, जनरल अ‍ॅबिलिटी ६००, मग एसएसबीची, म्हणजे सैन्यदलांच्या निवड मंडळाची मुलाखत. मुलींना एनडीएचं दार उघडलंय आणि मे २०२५ ला मुलींची पहिली बॅच खडकवासल्याहून बाहेर पडली. दुसरा रस्ता बारावीनंतर जेईई मेनच्या रँकवर केरळातल्या एझिमलाच्या नौदल अकादमीत बीटेक. दोन्हीला फिजिक्स आणि गणित लागतं. म्हणून आत्ता तुमच्या हातात असलेला सगळ्यात मोठा निर्णय हाच, अकरावीला बायोलॉजी घ्यायची असेल तर खुशाल घ्या पण गणित सोडू नका. सेफ म्हणून गणित सोडलेली मुलं बारावीनंतर माझ्याकडे येतात तेव्हा या रस्त्याने जाण्यासारखं फार काही उरलेलं नसतं.

नाशिकला राज्य सरकारची मुलींसाठी सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था आहे, दहावीनंतर दोन वर्षं तिथेच राहून अकरावी-बारावी आणि एनडीएची तयारी, तिचा प्रवेश परीक्षेतून होतो, जाहिरातीवर लक्ष ठेवा. ते नाही जमलं तर रत्नागिरीतच एनसीसीचं नेव्हल युनिट आहे, तिथे व्हेलर बोटीवर वल्ही मारायला आणि शीड लावायला शिकवतात. निवड होवो न होवो, हे तिने करावंच, कारण व्हिडिओतला समुद्र आणि उलट्या होत असताना ओढायचा दोर यातला फरक तिला तिथे कळेल. मर्चंट नेव्हीचा विचार असेल तर तो रस्ता आयएमयू सीईटी या प्रवेश परीक्षेचा, पण त्यात शिडं येत नाहीत, आणि डीजी शिपिंग या सरकारी खात्याची मान्यता तपासल्याशिवाय कुठल्याही एजंटला एक रुपया देऊ नका.

डोळे आधी तपासून घ्या, रंग ओळखण्याची चाचणीसुद्धा. त्यात अडचण निघाली तर आत्ताच कळलेलं बरं, दोन वर्षं क्लास लावून मग कळण्यापेक्षा. पोहणं येत नसेल तर या उन्हाळ्यात शिकवा.

आणि मिस्टरांचं. त्यांच्याशी वाद घालू नका, त्यांची भीती खरी आहे, दर्या त्यांनी पोटासाठी सोसलाय. लेकीलाच सांगा त्यांच्याजवळ बसून विचारायला की बाबा, वारा फिरणार हे तुम्हाला आधी कसं कळतं, भरतीला बंदराच्या तोंडाशी बोट कशी घेता. तांडेल माणूस अशा प्रश्नावर गप्प बसत नाही. ती मन लावून ऐकतेय का कंटाळतेय हे त्यांनाच दिसेल. मग दोघांना घेऊन भेटायला या, येताना दहावीच्या चाचणीचे गणिताचे मार्क आणा.