अलीकडे काय वाचलं, आणि ग्रामीण पुस्तकं खरंच ‘सगळी सारखीच’ असतात का?

तुम्ही विचारलंय की हल्ली वाचलेल्या पुस्तकांपैकी काय आवडलं, काय नाही, प्रकार कोणताही चालेल. इथपर्यंत ठीक. पण शेवटी जी ओळ जोडलीय, ‘शेतकऱ्यांच्या दुःखाची ग्रामीण पुस्तकं तेवढी नकोत, एक वाचलं की सगळी वाचल्यासारखीच’, त्या ओळीमुळं मी लिहायला बसलो. मी परभणीचा. मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, एका आडत दुकानावर हिशेब बघतो. हंगाम सरला की दुपारी वाचतो, हंगामात रात्री.

आधी तुमच्या मागणीतलं देतो. जयंत नारळीकरांचं ‘चार नगरांतले माझे विश्व’. २०२५ च्या मे महिन्यात ते गेले तेव्हा पुन्हा कपाटातून काढलं. बनारस, केंब्रिज, मुंबई, पुणे ही ती चार नगरं. २०१४ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळालेला आहे. मला बनारसचा भाग सगळ्यात आवडतो. मामा घरातल्या फळ्यावर गणिताचं कोडं लिहून ठेवायचे आणि भाच्यानं ते सोडवल्याशिवाय फळा पुसला जायचा नाही. ज्यांच्या घरात लेकरं आहेत त्यांनी निदान तेवढी पानं वाचावीत. पुढचा संस्था उभारणीचा भाग मला रुक्ष वाटला, पण आयुका ही पुण्यातली खगोलशास्त्राची संस्था कशी उभी राहिली हे ज्याला समजून घ्यायचंय त्याला तोच भाग लागेल.

भयकथेत नारायण धारपांची ‘लुचाई’ वाचली. स्टीफन किंगच्या ‘सेलम्स लॉट’वर बेतलेली आहे. वातावरण चांगलं जमलंय, माणसं मात्र मनात राहिली नाहीत. प्रवासात न्या.

समीक्षेत नरहर कुरुंदकरांचं ‘धार आणि काठ’, मराठी कादंबरीवरचं. कुरुंदकर आमच्या नांदेडच्या पीपल्स कॉलेजचे, १९८२ साली वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी गेले. लोक त्यांना ‘श्रीमान योगी’च्या प्रस्तावनेपुरतं ओळखतात, हे मला फार लागतं. त्यांची सगळी मतं मला पटत नाहीत. पण हा माणूस मत देण्याआधी पुस्तक मुळापासून वाचायचा, हे पानोपानी जाणवतं.

आता ‘सेपियन्स’. युवल नोआ हरारीचं, मराठीत वासंती फडके यांनी आणलेलं. हे मला माझ्या थोरल्या बहिणीच्या मिस्टरांनी, म्हणजे आमच्या दाजींनी दिलं. दाजी पुण्यात चांगल्या पगारावर आहेत, मूळचे जिंतूरकडचे. तुमच्या प्रश्नातली ती ओळ आणि त्यांचं बोलणं यांत काडीचा फरक नाही. ‘तुमच्याकडचं साहित्य म्हणजे दुष्काळ, कर्ज आणि रडगाणं,’ असं ते जेवायला बसलं की म्हणतात. ‘तुमच्याकडचं’ म्हणतात, हे विशेष.

त्यांनी दिलेल्या पुस्तकातला सगळ्यात गाजलेला भाग कशावर आहे? शेतीवर. हरारी म्हणतो की शेतीचा शोध ही इतिहासातली सगळ्यात मोठी फसवणूक. भटकून शिकार करणारा, कंदमुळं गोळा करणारा माणूस जास्त तऱ्हेचं खायचा, कमी राबायचा. शेतकरी झाल्यावर तो पाठ मोडेस्तोवर राबू लागला, एका पिकावर अवलंबून राहिला, आणि ते पीक गेलं की उपाशी मरू लागला. गव्हानं माणसाला पाळीव केलं, असं तो लिहितो. मांडणी जोरकस आहे, मी रात्री जागून वाचली. पण हे शेतकऱ्याचं दुःखच नव्हे का? जेरुसलेमचा प्राध्यापक लिहितो तेव्हा तो विचार, आणि सेलू-परभणीचा माणूस लिहितो तेव्हा ते रडगाणं? माझी तक्रार हरारीबद्दल एवढीच की त्याच्या शेतकऱ्याला नाव नाही, सासरा नाही, शेजारी नाही. तो एक शब्द बोलत नाही.

२०२४ च्या दिवाळीत ताई-दाजी आमच्याकडं आले होते. सोयाबीनचे दिवस, मोंढ्यात पाय ठेवायला जागा नव्हती. हमीभाव ४८९२ रुपये जाहीर झालेला आणि सौदे त्याच्या पुष्कळ खाली चाललेले. दाजी सहज म्हणून दुकानावर आले, गादीवर बसले. एका शेतकऱ्याचा माल काट्यावर होता. खरेदीदारानं ओलावा मोजायच्या मशीनमध्ये दाणे टाकले, आकडा जास्त आला, त्यानं भाव पाडला. सरकारी खरेदीत ओलाव्याचा निकष एरवी बारा टक्क्यांचा असतो, हे त्या शेतकऱ्याला माझ्याइतकंच माहीत होतं. त्यानं ढिगात हात घालून मूठभर दाणे काढले, एक दाणा दाढेखाली धरला आणि कडकन फोडला. ‘वाजायलाय की हो मालक,’ म्हणाला. दुसरा दाणा खरेदीदारापुढं धरला, ‘तुमी बगा फोडून.’ खरेदीदार हसला, पण भाव थोडा वर आला. मग तो माणूस माझ्यासमोर बसला, हिशेबाच्या पट्टीवरची एकेक ओळ बोट ठेवून वाचली, वजन, तोलाई, हमाली, एका ठिकाणी मला थांबवून बेरीज पुन्हा करायला लावली, आणि जाता जाता हरभऱ्याच्या बियाण्याचा भाव विचारून गेला.

घरी आल्यावर दाजी म्हणाले, ‘बघ, हेच. हेच तुमच्या पुस्तकात असतं.’

मी म्हणालो, कोणत्या पुस्तकात? त्यांना एकाही पुस्तकाचं नाव सांगता आलं नाही. शाळेत असताना वाचलेला ‘लाल चिखल’ तेवढा आठवला. भास्कर चंदनशिवांची ती कथा पाठ्यपुस्तकात होती. बापाबरोबर टोमॅटो विकायला बाजारात गेलेलं पोरगं सांगतंय, भाव इतका पडलेला की बाप शेवटी टोमॅटोच्या ढिगावर नाचतो. आता त्या कथेतला बाप आणि माझ्यासमोर बेरीज तपासणारा माणूस, हे दोघं सारखे? एकाचं अवसान सुटलंय, दुसरा अजून घासाघीस करतोय. बाजार तोच असेल, माणूस तो नाही.

संध्याकाळी मी नेहमीसारखं आईला वाचून दाखवायला बसलो. तिला अक्षरं लागतात, पण बारीक छपाई दिसत नाही. रा. रं. बोराड्यांची ‘पाचोळा’ चालू होती. १९७१ सालची कादंबरी, शंभर वर्षांपूर्वीची वाटावी इतकी जुनी बोली आणि तरी आजही जिवंत. गंगाराम शिंप्याच्या घराची वाताहत त्याची बायको पारबती आपल्या तोंडानं सांगते. लक्षात घ्या, यात शेतकरी नाहीच, शिंपी आहे. कर्ज-दुष्काळाचं पुस्तक म्हणून कुणी उघडलं तर त्याचा भ्रमनिरास होईल. यात आहे एका माणसाचा हट्ट, आणि त्या हट्टापायी फरफटणारी बायको. ती नवऱ्याला समजते, घाबरते, त्याची बाजूही घेते, आणि तरी सगळं हातातून जाताना बघत राहते.

आई ज्वारी निवडत ऐकत होती. मधेच हात थांबवून म्हणाली, ‘हिला कुनी इचारलंच न्हाई रं कदी. म्हनून आता बोलायलीय.’ मराठीच्या प्राध्यापकांनी या कादंबरीतल्या निवेदनावर पुष्कळ लिहिलंय. आईच्या वाक्याइतकं नेमकं मी त्यात वाचलेलं नाही. दाजी सोफ्यावरून म्हणाले, ‘काय आत्या, सणासुदीचं असलं काय ऐकता?’ आई त्यांच्याकडं बघून म्हणाली, ‘जावईबापू, तुमची माय बी अशीच बोलायची की.’

दाजी काही बोलले नाहीत. थोड्या वेळानं फोन घेऊन गच्चीवर गेले. जाताना मी त्यांच्या पिशवीत आसाराम लोमट्यांचं ‘आलोक’ टाकलं. ते परत आलं तेव्हा निरोप होता, ‘चांगलं लिहिलंय, पण शेवटी सगळं तेच.’

तेच कसं? ‘आलोक’ला २०१६ चा अकादमी पुरस्कार आहे. लांब पल्ल्याच्या कथा आहेत. त्यात गावाचं राजकारण आहे, सत्ता कुणाच्या हातातून कुणाच्या हातात कशी सरकते आणि ज्याच्या नावावर सरकते त्याला त्यातलं किती मिळतं, हे आहे. लोमटे घाईनं कुणाला खलनायक करत नाहीत. ‘पाचोळा’ एका श्वासात सांगितल्यासारखी आहे, ‘आलोक’ सावकाश, सगळ्या बाजूंनी फिरून बघणारं. भाषा वेगळी, काळ वेगळा, लिहिणाऱ्याची नजर वेगळी.

आणि रडगाणं म्हणता, तर ना. धों. महानोरांच्या ‘रानातल्या कविता’ घ्या. १९६७ चा संग्रह. अजिंठ्याच्या डोंगराकडचं पळसखेड, तेही मराठवाडाच. त्यात पाऊस आहे, हिरवं रान आहे, रानातलं प्रेम आहे. ती कविता वाचून कुणाला रडू आलं तर ते आनंदाचंच असेल. प्र. ई. सोनकांबळ्यांचं ‘आठवणींचे पक्षी’ (१९७९) हे उदगीरकडच्या एका पोरक्या दलित पोराचं आत्मकथन. आईबाप गेलेले, बहिणीच्या घरी वाढलेला. तिथं तर जमीनच नाही, मग शेतकऱ्याचं दुःख कुठून येणार? दोन वेळच्या भाकरीची गोष्ट आहे, आणि ती इतक्या शांतपणे सांगितलीय की मला मधे पुस्तक मिटवून ठेवावं लागलं.

इतिहास हवा असेल तर अनंत भालेरावांचं ‘हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा’. आमच्याकडं स्वातंत्र्य १७ सप्टेंबर १९४८ ला आलं, हे अजून पुण्या-मुंबईच्या शिकलेल्या माणसाला सांगावं लागतं. भालेराव स्वतः त्या लढ्यात होते, पुढं ‘मराठवाडा’ दैनिकाचे संपादक झाले. निजामाच्या राज्यात वाढलेल्या मराठी माणसाला आपल्या भाषेत शिकण्यासाठी, सभा भरवण्यासाठीसुद्धा झगडावं लागलं, हे वाचलं की आमच्या भागातलं लेखन असं का आहे ते थोडं उलगडतं. त्याच राज्यात परभणीला बांधकाम खात्यात कारकुनी करत बी. रघुनाथ कविता-कादंबऱ्या लिहीत होते, चाळिशीतच गेले. त्यांची ‘आडगावचे चौधरी’ मी सध्या वाचतोय, पूर्ण झाल्याशिवाय मत देणार नाही.

आता काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या त्या सांगतो. ‘पाचोळा’ची बोली तुम्ही विदर्भ-मराठवाड्याबाहेरचे असाल तर सुरुवातीला अडेल. मोठ्यानं वाचा, मोकळी होते. भालेरावांच्या पुस्तकात नावं फार आहेत, ती पाठ करत बसू नका. आणि ग्रामीण म्हणून जे छापलं जातं ते सगळंच चांगलं, असं माझं म्हणणं नाही. पुरस्कारावर डोळा ठेवून आत्महत्येचा प्रसंग घुसडलेल्या कथा मीही वाचल्यात, आणि अर्ध्यात सोडल्यात. तसं पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमधल्या घटस्फोटाच्या कथाही एकमेकींसारख्या निघतात, पण त्यावरून शहरी साहित्यच नको असं कुणी म्हणत नाही.

दाजींबद्दलही एक सांगायला हवं. त्यांच्या वडिलांनी शेत विकून त्यांना शिकवलं. त्या घरात काय काय झालं असेल ते मला पूर्ण माहीत नाही. अशा माणसाला ‘पाचोळा’ उघडवत नसेल तर मी त्याला जबरदस्ती करणार नाही. पण मग ‘मला वाचवत नाही’ असं म्हणावं. ते खरं आहे आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. ‘सगळी सारखीच’ म्हटलं की आपली अडचण लेखकाच्या डोक्यावर मारली जाते. तुमचंही कारण असंच काही असेल तर नारळीकर वाचा, खुशाल वाचा, मला काही म्हणायचं नाही.

कारण ते नसेल, नुसतं ऐकून मत झालं असेल, तर ‘रानातल्या कविता’ आधी घ्या, मग ‘पाचोळा’, मग ‘आलोक’. ‘पाचोळा’ लहान आहे, दोन बैठकींत होते. गावातल्या सरकारमान्य वाचनालयात ही पुस्तकं बहुतेक असतात, विकत घ्यायलाच हवीत असं नाही. तिन्ही शेवटच्या पानापर्यंत वाचून झाल्यावरही सारखीच वाटली, तर कोणती दोन आणि नेमकी कुठं, ते इथं लिहा. मी उत्तर देईन.