‘सेलेस्ट’ हा उड्या मारत पुढे जायचा व्हिडिओ गेम फार अवघड जातोय. असिस्ट मोडमध्ये, म्हणजे गेम सोपा करणाऱ्या सेटिंगमध्ये, नक्की काय चालू करावं?

सगळं एकदम चालू करू नका. आधी फक्त गेमचा वेग १०० वरून ८० किंवा ७० टक्क्यांवर आणा. बटण दाबायला उशीर होत असेल तर एवढ्यानं बरंच भागतं आणि पातळीची रचना तशीच राहते. तिरका डॅश (हवेतली वेगवान झेप) सरळच जातो, ही नेहमीची रड. त्यावर डॅश असिस्ट, म्हणजे दिशा ठरेपर्यंत गेम थांबतो. भिंत धरून दम संपत असेल तर अमर्याद स्टॅमिना. अमर्याद डॅश मात्र टाळा, त्यानं कोडीच उडतात. अजिंक्यता, म्हणजे काहीही लागलं तरी न मरणं, अगदीच अडलात तर.

फसवणूक वाटते? कडा सोडल्यानंतरही क्षणभर उडी लागते, ही छुपी सवलत तर प्रत्येक खेळाडूला मिळतेच.