नाण्यावरचे बैल, घोडा आणि कणसं

प्रश्न : मुलीला शाळेसाठी नाण्यांवरच्या चिन्हांचा तक्ता करायचा आहे. सिंह सगळीकडे दिसतात, मागची चित्रं मात्र सारखी बदलतात. सुरुवात कुठून करावी? (एक वाचक, जुळे सोलापूर)

उत्तर : १५ ऑगस्ट १९५० पासून करा. त्या दिवशी प्रजासत्ताकाची पहिली नाणी निघाली. राजाचा मुखवटा गेला, सारनाथचं सिंहशीर्ष आलं. रुपयावर वाघ होता, तिथं धान्याची कणसं आली. आण्यावर बैल, पैशावर घोडा. हे दोघे कुठून आले, ते मोठ्या नाण्यावर भिंगानं पाहा : सिंहांच्या पायाखालच्या पट्टीवर मध्ये चक्र, आपल्या उजवीकडे बैल, डावीकडे घोडा. हत्ती आणि पाठीमागचा चौथा सिंह नजरेआड राहतात.

२००५च्या सुमारास 'अनेकतेत एकता' दाखवणारी फुलीसारखी आकृती आली. तिच्यावरून वाद झाला. २००७मध्ये हस्तमुद्रा आल्या : ५० पैशांवर मूठ, रुपयावर अंगठा, दोनावर दोन बोटं. अक्षरओळख नसलेल्यालाही किंमत कळावी, ही कल्पना आम्हाला तरी जास्त पटते. धान्य मात्र परतून येतं. २० रुपयांच्या बारा कोनी नाण्यावरही तेच आहे.

आकारावरून मांडणी करू नका. १९९२ नंतरचा स्टीलचा रुपया आणि २०११ नंतरचे दोन रुपये, दोन्ही २५ मिमीचेच. सालाखाली टांकसाळीची खूण असते : मुंबईची चौकट, हैदराबादचा तारा, नोएडाचा ठिपका, कोलकात्याला खूण नाही.

नाणी तक्त्यावर चिकटवण्यापेक्षा ठसे घ्या. नाण्याखाली चिकटपट्टीची गुंडाळी, वर पातळ कागद, मऊ पेन्सिल आडवी धरून एकाच दिशेनं फिरवा. नाणं सरकलं की ठसा दुहेरी उठतो. चिंच किंवा पितांबरीनं घासू नका. उठाव झिजतो आणि बारीक रेषा आधी जातात.

प्रश्न : १५ रेषांचं, रुपयाचं चिन्ह नसलेलं दहाचं नाणं दुकानदार घेत नाही. खोटं आहे का? (एक वाचक, टिळक चौक)

उत्तर : नाही. रुपयाचं चिन्ह स्वीकारलं गेलं १५ जुलै २०१० रोजी; त्याआधीच्या नाण्यावर ते असणार कसं? १० रेषा आणि चिन्ह असलेलं नाणं नंतरचं. दहाची १४ प्रकारची नाणी चालतात, असं रिझर्व्ह बँकेनं जानेवारी २०१८मध्ये स्पष्ट केलं आहे. दुकानदाराची बाजूही सांगतो : २०११च्या नाणे कायद्यानुसार रुपया व त्यावरची नाणी १००० रुपयांपर्यंतच्या देण्यासाठीच वैध आहेत. पिशवीभर नाणी ओतली, तर त्यापुढची तो नाकारू शकतो.