गोंगाटाच्या कॉल सेंटरसाठी दोन्ही कानांचा स्टिरिओ हेडसेट घ्यावा का? आणि कोणता?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: इंदूरच्या विजयनगर भागातल्या एका कॉल सेंटरला नुकतेच लागला आहात, एकाच हॉलमध्ये साठ-सत्तर जण बोलत असतात आणि ऑफिसनं एका कानाचा हेडसेट दिला आहे. ग्राहकाचं नीट ऐकू येत नाही, आणि तोही ‘पीछे बहुत आवाज है’ म्हणतो. स्वतःच्या पैशानं स्टिरिओ हेडसेट घ्यावा का?

घ्या. पण तुम्ही दोन तक्रारी एकत्र केल्या आहेत आणि दोन्हींवरचा उपाय एक नाही. तुम्हाला ऐकू येत नाही, त्यावर दुसरा कान झाकणं हा इलाज आहे. ग्राहकाला हॉलचा गलका ऐकू जातो तो तुमच्या माइकमधून. तुम्ही दोन्ही कान झाकले तरी त्यात काडीचा फरक पडणार नाही. खोक्यावर ‘नॉइज कॅन्सलिंग’ लिहिलेलं असतं, ते कानासाठी आहे की माइकसाठी हे आधी बघा. कॉल सेंटरसाठी मी माइकला पहिला मान देते, कानाला दुसरा.

मी इथे इंदूरमध्येच बरीच वर्षं क्वालिटीत आहे. लोकांचे कॉल ऐकून मार्क देणं हे माझं रोजचं काम. एका रेकॉर्डिंगमध्ये आमच्या एजंटच्या आवाजामागे शेजारच्या सीटवरचा मुलगा स्वतःच्या ग्राहकाची जन्मतारीख आणि मोबाइल नंबर परत म्हणून पडताळत होता, आणि त्यातला आकडा न् आकडा मला कळत होता. मला कळला म्हणजे आमच्या एजंटशी बोलणाऱ्या ग्राहकालाही कळला. ग्राहक विश्वासानं आपल्याला माहिती देतो आणि ती भलत्याच्या कानावर जाते, हे मला फार लागतं. म्हणून माइकबद्दल जरा जास्त लिहिते.

कॉल सेंटरच्या चांगल्या माइकला पुढून आणि मागून, दोन्हीकडून आवाज आत जायला वाट असते. लांबून आलेला आवाज दोन्ही बाजूंना जवळपास सारखाच पोचतो आणि आपसात मिटतो. तोंडाजवळचा आवाज मात्र एका बाजूनं जास्त जोरात येतो, म्हणून तोच उरतो. महागड्या हेडसेटमध्ये हे काम दोन-तीन माइक आणि एक चिप मिळून करतात. साध्या माइकची बोलायची बाजू ओठांकडेच हवी. काही हेडसेटवर त्यासाठी बारीकसा ठिपका किंवा खूण असते. माइकची दांडी पिळली जाऊन ती खूण बाहेर वळली की तुमचा आवाज बारीक होतो आणि हॉल वर येतो. शिफ्टला बसताना एकदा बोटानं चाचपून बघायची सवय लावा.

अंतराचं गणित तर फुकटचं आहे. माइक ओठांपासून आठ सेंटिमीटरवर होता तो चारवर आणला, तर माइकवर तुमचा आवाज साधारण 6 डेसिबलनं वाढतो. दीड मीटरवर बसलेल्या शेजाऱ्याचा आवाज होता तेवढाच राहतो. तरीही आमच्या फ्लोअरवर चक्कर मारली की कितीतरी जणांचे माइक हनुवटीखाली लोंबकळत असतात, नाहीतर कपाळावर चढवलेले. माइक ओठांच्या कोपऱ्याशी ठेवा, दोन बोटं अंतरावर, किंचित खाली. नाकासमोर किंवा थेट तोंडासमोर नको, तिथे श्वासाचा फुसफुसाट येतो आणि ‘प’, ‘फ’, ‘भ’ फुटतात. दांडी पूर्ण फिरणारी असेल असाच हेडसेट निवडा, म्हणजे माइक डावीकडे की उजवीकडे हे तुमच्या हातात राहतं. मोठ्यानं बोलणारा डाव्या हाताला बसत असेल तर माइक उजवीकडे घ्या. मध्ये तुमचं डोकं येतं, त्याचीही थोडी आड होते. तुम्ही विचार करत असाल की ऑफिसच्या आहे त्याच हेडसेटवर हे जमेल का. जमेल, उद्याच करून बघा.

आता कान. फोनवरचा आवाज मोनोच असतो. स्टिरिओ हेडसेटमध्ये दोन्ही कानांत तोच आवाज येतो, गाण्यासारखं डावं-उजवं काही नसतं. तरीही फायदा मोठा आहे. एक कान उघडा असला की मेंदू शेजाऱ्याच्या बोलण्याचा अर्थ लावत बसतो, आपली इच्छा असो वा नसो. पंख्याची घरघर विसरता येते, माणसाचं बोलणं विसरता येत नाही. शिवाय तोच आवाज दोन्ही कानांत आला की साधारण 3 ते 6 डेसिबलनं मोठा भासतो, म्हणजे व्हॉल्यूम तेवढा उतरवता येतो.

कानासाठीच्या एएनसीवर, म्हणजे बाहेरचा आवाज इलेक्ट्रॉनिक पद्धतीनं मिटवणाऱ्या सोयीवर, जास्तीचे पैसे घालायचे का, हा पुढचा प्रश्न येईल. माझं मत, पहिल्या खरेदीत नको. एएनसी एसी, जनरेटर, पंखे असा सलग, खर्जातला आवाज छान कापतं. माणसाच्या बोलण्यातली व्यंजनं वरच्या पट्टीत असतात, ती त्यातून बरीचशी सुटतात. तुमच्या हॉलमध्ये त्रास माणसांचा आहे. तिथे कानावर घट्ट बसणारी गादी जास्त कामाची. कान पूर्ण झाकणारे मोठे कप सर्वांत चांगलं अडवतात, पण मे महिन्यात एसी दमला की त्यांत कान अक्षरशः भिजतात. कानावर टेकणारे मऊ रेक्झिनचे कप हा मधला मार्ग.

दोन्ही कान झाकण्याचा एक तोटा मात्र आहे आणि विकणारे तो सांगत नाहीत. स्वतःचा आवाज दबका ऐकू आला की माणूस नकळत ओरडून बोलतो. गोंगाटात माणसाचा आवाज आपोआप चढतो हे एतिएन लोंबार नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी 1911 मध्ये दाखवून दिलं होतं. कॉल सेंटरच्या हॉलमध्ये संध्याकाळी हेच होतं: एक चढला की शेजारचा चढतो, मग सगळी रांग. म्हणून हेडसेटला साइडटोन आहे ना ते बघा, म्हणजे आपलाच आवाज हळू आवाजात आपल्या कानात परत येण्याची सोय. जाबरा कंपनीच्या बऱ्याच हेडसेटचा साइडटोन जाबरा डायरेक्ट या सॉफ्टवेअरमधून आणि पॉली कंपनीच्या हेडसेटचा पॉली लेन्समधून कमी-जास्त करता येतो. तुमचं बोलणं स्पष्ट ऐकू येईल इतका ठेवा. घसा किती कमी दुखतो ते आठवड्यात कळेल.

आकड्यांबद्दलही सांगते, कारण आपल्याकडची मराठी मुलं हमखास महाराष्ट्राच्या प्रोसेसवर, म्हणजे तिकडच्या ग्राहकांच्या कॉलवर, असतात आणि चुका तिथेच होतात. जुन्या पद्धतीची फोनलाइन 300 ते 3400 हर्ट्झ एवढाच पट्टा पुढे पाठवते. ‘स’चा सगळा जोर त्याच्या वर असतो. त्यामुळे ‘साठ’ आणि ‘आठ’ यांतला फरक लाइनवरच पुसट होतो, आणि उरलासुरला हॉल खाऊन टाकतो. कितीही भारी हेडसेट घेतला तरी लाइननं जे पाठवलंच नाही ते तो ऐकवू शकत नाही. म्हणून खोक्यावरच्या 20 ते 20,000 हर्ट्झवर भाळू नका. सॉफ्टफोनवर, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या फोनच्या सॉफ्टवेअरमध्ये, वाइडबँड (जास्त रुंद पट्टा) चालू असेल तर 7,000 हर्ट्झपर्यंतचं येतं आणि फरक लगेच जाणवतो. आयटीवाल्यांना तेवढं विचारून ठेवा. आणि रक्कम नेहमी एकेक आकडा सुटा करून परत म्हणा: ‘सहा-शून्य, साठ’.

वायरलेस नको. एका हॉलमध्ये पन्नास-साठ ब्लूटूथ हेडसेट म्हणजे एकमेकांच्या वाटेत येणं, आणि शिफ्टच्या मध्येच चार्जिंग संपणं. वायरचा, यूएसबीचा घ्या. पण पैसे देण्याआधी टीम लीडरला किंवा आयटीला विचारा, कारण बऱ्याच ऑफिसांत यूएसबी पोर्ट बंद ठेवलेले असतात. तसं असेल तर साडेतीन एमएमची पिन लागेल. जुन्या डेस्कटॉपला माइकचं गुलाबी आणि आवाजाचं हिरवं अशी दोन वेगळी भोकं असतात, तिथे एका पिनचा हेडसेट जोडायला वेगळा जोड घ्यावा लागतो. टेबलावर डेस्कफोन असेल तर प्रकरण निराळं: जाबरा आणि पॉली, म्हणजे पूर्वीची प्लँट्रॉनिक्स, यांचे झटकन सुटणारे जोड एकमेकांना बसत नाहीत. आधीची वायर कुणाची आहे ते पाहूनच घ्या.

नावं हवी असतील तर पॉली ब्लॅकवायर 3220 बघा. 3210 हा एका कानाचा आहे, ऑर्डर देताना गल्लत होऊ देऊ नका. 3225 ला यूएसबीबरोबर साडेतीनची पिनही आहे, त्यामुळे नोकरी बदलली तरी तो कामी येतो. मी तुमच्या जागी असते तर हाच घेतला असता. जाबराचा इव्हॉल्व्ह2 30 स्टिरिओही चांगला, पैसे जरा जास्त. इथल्या जेल रोडच्या बाजारात गाण्यांचे आणि गेमिंगचे हेडफोन ढिगानं मिळतील, पण ते जड असतात आणि त्यांचा माइक हॉलसाठी केलेला नसतो. तिथे फक्त डोक्यावर चढवून बघा, दाब किती सहन होतो त्याचा अंदाज येईल. चष्मा लावत असाल तर चष्म्यासकट बघा.

व्हॉल्यूमचं मनावर घ्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानं 80 डेसिबल आठवड्याला 40 तास चालतं, 90 डेसिबल मात्र फक्त 4 तास. तुमची आठवड्याची शिफ्टच जवळपास 40 तासांची आहे, म्हणजे तुम्हाला वर सरकायला जागाच नाही. घरी शांततेत एखाद्याशी बोलून पुरेसा वाटेल तो व्हॉल्यूम लक्षात ठेवा, आणि फ्लोअरवर त्याच्या फार वर जावं लागत असेल तर कपांची बसण बदला, आवाज वाढवू नका. मध्येच फॅक्सची शिटी किंवा कर्कश टोन कानात घुसतो, त्यासाठी 118 डेसिबलवर अडवणारी सोय असलेलाच हेडसेट घ्या. वर सांगितलेल्या कंपन्यांच्या ऑफिसच्या हेडसेटमध्ये ती मिळते. शिफ्ट सुटल्यावर कानात सतत कुई वाजत असेल, किंवा घरचे हाक मारतात ते दबलेलं वाटत असेल, तर थांबू नका. एमवाय हॉस्पिटलच्या कान-नाक-घसा विभागात जाऊन तपासून घ्या.

हेडसेट तुमचा स्वतःचा असेल तर दुसऱ्या शिफ्टला देऊ नका, कुणी कितीही जवळचं असलं तरी. कानाच्या गाद्या वेगळ्या विकत मिळतात. रेक्झिन तडकायला लागलं की बदला, कारण भेगेतून हॉल आत येतो.

पार्सल आल्यावर परत करण्याची मुदत संपायच्या आत एक चाचणी करा. हॉल सर्वांत भरलेला असतो त्या वेळी आपल्या सीटवर बसून घरच्या कुणालातरी फोन लावा, दहा आकडी नंबर नेहमीच्या आवाजात वाचा आणि त्यांना लिहून घ्यायला सांगा. मग तुम्ही पाच सेकंद गप्प बसा आणि मागचं काय ऐकू येतंय ते विचारा. शेजाऱ्याचे शब्द त्यांना कळत असतील, तर माइक आणखी जवळ घेऊन पुन्हा बघा. तरीही कळत असतील तर हेडसेट परत पाठवा.