‘संरक्षणवाद’: कोणाचे संरक्षण आणि कशापासून?

कोथरूडमधील एका शिक्षिकेने विचारले आहे की, परदेशातील निवडणुकीच्या बातमीत आलेल्या ‘संरक्षणवादी पक्ष’ या शब्दांचा अर्थ त्यांच्या अकरावीच्या विद्यार्थ्यांनी ‘लष्करावर जास्त खर्च करू पाहणारा पक्ष’ असा लावला. तर हा शब्दच चुकीचा आहे का, आणि त्याच्या विरुद्ध अर्थाने ‘मुक्त व्यापार’ लिहावे की ‘खुला व्यापार’?

शब्द चुकीचा नाही, पण विद्यार्थ्यांचीही चूक नाही. मराठीत ‘संरक्षण’ या शब्दाला दोन पदांची अपेक्षा असते: कशाचे आणि कशापासून. पिकाचे किडीपासून, बांधाचे पुरापासून. ‘संरक्षणवादा’त ते देशी उत्पादकाचे असते, परदेशी मालाच्या स्पर्धेपासून. ही पदे नसली की ‘संरक्षण खाते’ आणि ‘संरक्षण मंत्री’ यांच्या सवयीने डोळ्यांसमोर सैन्य उभे राहते, आणि पुढे ‘वाद’ जोडताना तर दोन्ही पदे हमखास गळतात. जुन्या मराठीत यासाठी ‘संरक्षक जकात’ असा प्रयोग होता व तो मला अधिक नेमका वाटतो, कारण त्यात साधन आणि हेतू दोन्ही सांगितलेले आहेत. मात्र पुणेकरांच्या मनात ‘जकात’ म्हटले की शहराच्या वेशीवरचा नाका येतो. महापालिकेची ती जकात १ एप्रिल २०१३ पासून बंद झाली, तरी शब्दाचा तो अर्थ गेलेला नाही. म्हणून आज ‘संरक्षक आयातशुल्क’ लिहावे.

यातील ‘संरक्षक’ हे विशेषण गाळू नये, कारण प्रत्येक आयातशुल्क संरक्षक नसते. १८९६ साली ब्रिटिश सरकारने परदेशी कापडावर साडेतीन टक्के आयातशुल्क ठेवले, आणि त्याच वेळी इथल्या गिरण्यांच्या कापडावरही साडेतीन टक्केच उत्पादनशुल्क बसवले. सरकारच्या तिजोरीत भर पडली, पण देशी गिरणीला मँचेस्टरच्या मालापासून कसलेही संरक्षण मिळू नये, याची तजवीज त्या एका आकड्यात होती. त्याआधी चारच वर्षे, १८९२ मध्ये, न्यायमूर्ती रानडे यांनी पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील व्याख्यानात इंग्लंडचे अर्थशास्त्र सर्व देशांना सरसकट लागू पडत नाही, असे बजावले होते.

आता ‘मुक्त’ आणि ‘खुला’. ‘मुक्त’ शब्दात कशातून तरी सुटका असते: करमुक्त, कर्जमुक्त. ‘खुला’ शब्दात दार उघडे असते, आणि उघडे दार म्हटले की ते कोणाला उघडे, हा प्रश्न आपोआप येतो. ‘मुक्त व्यापार करार’ ही संज्ञा सरकारी व्यवहारात पक्की झाली आहे, ती बदलू नये. परंतु प्रचाराविषयी लिहिताना, एखाद्या विशिष्ट मालाला बाजार मोकळा करण्याचा मुद्दा असेल, तर ‘आयात खुली करणे’ किंवा ‘निर्यात खुली करणे’ हा क्रियापदाचा प्रयोग मी पसंत करतो, कारण त्यात दिशा कळते.

ही दिशा किती महत्त्वाची असते, ते ब्रिटनच्या १९०६ च्या निवडणुकीत दिसते. तिथले राजकीय नेते जोसेफ चेंबरलेन यांनी १९०३ पासून आयातशुल्काचा पुरस्कार चालवला, तो ‘शुल्कसुधारणा’ या नावाने. लिबरल पक्षाने मात्र खुल्या व्यापाराची मोठी पावरोटी आणि संरक्षणाची लहान पावरोटी शेजारी शेजारी दाखवून मते मागितली व मोठे बहुमत मिळवले. संरक्षण कारखान्याचे, पण ते ताटातल्या भाकरीच्या किमतीवर, एवढे मतदाराला त्या चित्रातून कळले.

आपल्याकडे २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत चाकण, मंचर, जुन्नर भागात कांद्याचा प्रश्न पेटला, तेव्हा काही लेखांत कांद्याच्या निर्यातबंदीलाही ‘संरक्षणवाद’ म्हटलेले मी वाचले. हा वापर मला मान्य नाही. संरक्षणवादात परदेशी मालाच्या स्पर्धेपासून देशी उत्पादकाला वाचवले जाते. डिसेंबर २०२३ च्या निर्यातबंदीने शहरातल्या ग्राहकाला भाववाढीपासून वाचवले आणि त्याचा भार उत्पादकावरच टाकला. ४ मे २०२४ रोजी बंदी उठली, तरी ४० टक्के निर्यातशुल्क राहिले, आणि हा भाग ज्यात येतो त्या शिरूर मतदारसंघात १३ मे रोजी मतदान झाले. त्या शेतकऱ्याची मागणी संरक्षणाची नव्हती, निर्यात खुली करण्याची होती. त्याला ‘संरक्षणवादाचा बळी’ म्हणण्याऐवजी ‘निर्यातबंदीने भाव पडलेला शेतकरी’ असे सरळ लिहावे. शिक्षिकाबाईंनी वर्गात ‘संरक्षणवादी पक्ष’ ऐवजी ‘परदेशी मालावर संरक्षक शुल्क लावू पाहणारा पक्ष’ असे फळ्यावर लिहावे; चार शब्द वाढतील, पण सैन्य मध्ये येणार नाही.