डेनिम जॅकेटसाठी प्रसिद्ध पेंटिंगचा एम्ब्रॉयडरी पॅच घ्यायचाय, कुठलं चित्र छान दिसेल आणि नुसत्या इस्त्रीने टिकेल का?

व्हॅन गॉगचं 'स्टारी नाइट' (१८८९) घ्या, खरंच. त्याचे ब्रशचे फटकारे मुळातच वळणावळणाचे आहेत, त्यामुळे टाके त्याच दिशेने फिरवले की आकाश हलतंय असं वाटतं आणि दोऱ्याची चमक त्यात अजून भर घालते. जपानी चित्रकार होकुसाईची 'मोठी लाट'ही मस्त, ती मुळात लाकडी ठशाची छपाई, मोजके सपाट रंग, ठसठशीत रेषा, छोट्या पॅचवरही लगेच ओळखू येते. मोनालिसा मात्र टाळा, त्या चेहऱ्यातली सगळी जादू धूसर सावल्यांमध्ये आहे आणि दोऱ्यात ती उतरतच नाही हो.

टिकण्याचं म्हणाल तर मागे जो गोंदाचा थर असतो तो उष्णतेने वितळून कापडात मुरतो, डेनिमवर चांगला धरतो. इस्त्रीची वाफ बंद ठेवा, वर सुती कापड टाकून दाबून धरा, घासू नका, मग जॅकेट उलटं करून आतूनही दाबा आणि पूर्ण गार होईपर्यंत हात लावू नका. नायलॉनवर अजिबात नको, कापडच वितळेल. आणि नेहमी धुणार असाल तर कडेने हाताने टाके घालाच, कारण सुटायला सुरुवात कडेपासूनच होते.